चार्ज दारातच द्यायचा

सुनंदा गावंडे पहिल्यांदा आमच्या दारात होल्डॉल आणि उशी घेऊन उभी राहिली, तेव्हा मी चकल्या तळत होते. बेल वाजली म्हणून झारा हातात घेऊनच दार उघडलं.

"वहिनी, आजपासून मी तुमच्याकडे झोपायला. चालेल ना? माझ्या घरी रेवाचे बाबा आलेत सुटीवर."

आता मला सांगा, कुठल्याही बाईला काय वाटेल? या दोघांचा कोर्टात रीतसर घटस्फोट होऊन सहा महिनेही झाले नव्हते. मला वाटलं, फौजी माणूस, आला असेल तावातावाने आणि काढलं असेल हिला घराबाहेर. क्वार्टर हिच्या नावावर, नोकरी हिची आणि हिलाच बाहेर काढतो? माझं डोकंच फिरलं. मी तशीच, झारा घेऊन, शेजारच्या दाराकडे निघाले. सुनंदाने मागून माझा पदर धरला.

"अहो, कुठे निघालात? मीच बोलावलंय त्यांना!"

मी गारच पडले. आणि आत कढईतल्या चकल्या काळ्या झाल्या. आमचे हे पुढे कित्येक वर्षं त्या चकल्यांची आठवण काढून मला छळत.

आम्ही राहायचो भोपाळच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये. हे मशीन शॉपला इंजिनीअर होते, म्हणून आमच्याकडे कंपनीचा फोन होता आणि एक जादा खोली होती. सुनंदा कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. मूळची वर्ध्याची. उंच, सावळी, चालायची अशी की बस सुटतेय असं वाटावं. नवरा मधुकर गावंडे, अकोल्याकडचा, फौजेत हवालदार. मुलगी रेवा, तेव्हा पहिलीत. फौजी माणसाच्या बायकोने बहुतेक आयुष्य एकटीनेच काढायचं असतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण त्यांचं बिनसलं ते तो दूर होता म्हणून नाही, तो घरी यायचा म्हणून. आला की डबे हलवायचा, कपाटं लावायचा, उठायची वेळ, जेवायची वेळ, सगळं पलटणीसारखं. एकदा सुनंदा मला म्हणाली, "दहा महिने मी या घरची कमांडर आणि दोन महिने मला शिपाई व्हायला सांगतात. नाही जमत हो वहिनी." इतकंच कारण होतं. दारू नाही, मारहाण नाही, बाई नाही. त्यामुळे कॉलनीला ते पटतच नव्हतं. अहो, मलाही पटलं नव्हतं.

कोर्टातली गोष्ट तर आणखी वेगळी. जज्जसाहेब म्हणाले, वडिलांनी दर रविवारी दोन तास मुलीला भेटावं. गावंडे बिचारा खाली मान घालून उभा. सरहद्दीवरच्या माणसाला कुठला रविवार? तर सुनंदा उठली आणि हिंदीत म्हणाली, "साहब, इनको रविवार नहीं मिलता, छुट्टी मिलती है। पूरी छुट्टी दे दीजिए। बच्ची अपने ही घर में रहेगी, ये वहीं आएँगे, मैं हट जाऊँगी।" तिचा स्वतःचा वकील उभाच राहिला होता, तो मटकन खाली बसला म्हणे. हे मला गावंडेनेच पुढे सांगितलं.

मी तिला त्या पहिल्या दिवशी विचारलंच. "अगं, पण पोरीलाच द्यायचं ना पाठवून त्याच्याबरोबर गावी. तू का घर सोडतेस?"

ती होल्डॉलचे पट्टे सोडत होती. म्हणाली, "आम्ही वेगळे झालो. ती कुणापासून वेगळी झाली? बदल्या आईबापाच्या होऊ देत. पोरीची बदली करायची नाही. पिशवी भरायची ती आम्ही, तिच्या हातात द्यायची नाही."

मला वाटलं होतं दोन दिवस राहील. दोन महिने राहिली! सकाळी आमच्याकडून ड्यूटीवर जायची, संध्याकाळी आमच्याकडे यायची, आणि भिंतीपलीकडे तिचीच मुलगी तिच्याच घरात बापाबरोबर हसताना ऐकू यायची. कधीकधी भाजी चिरता चिरता तिचा हात थांबायचा. मी म्हणायची, जा ना, बघून ये. तर म्हणायची, "माझी ड्यूटी नाही." डोळे भरलेले असायचे, पण जायची नाही.

आता हा "ड्यूटी" शब्द कुठून आला, ते सांगते. गावंडे आला की घरात घुसायचा नाही. दाराबाहेर ट्रंक ठेवून ताठ उभा राहायचा. सुनंदा उंबऱ्याच्या आत. मध्ये रेवा, एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघत. मग हा विचारायचा, "रिपोर्ट?"

"डावीकडचा दात हलतोय. ओढू नका, आपोआप पडू द्या. खोकल्याचं औषध गुळातून. पाढे तेरापर्यंत आले, चौदाचा अडतोय. शेजारच्या कुत्र्याला भिते, पण भिते म्हणून सांगत नाही."

"दात, ओढायचा नाही. औषध गुळातून. चौदाचा पाढा. कुत्रा." तो वायरलेसवर बोलल्यासारखं सगळं परत म्हणून दाखवायचा. मग ती म्हणायची, "चार्ज दिला." तो म्हणायचा, "चार्ज घेतला." ती बाहेर, तो आत. जाताना हेच उलट. फौजेत पहारा बदलताना जसं करतात तसं. पुढचा येऊन उभा राहिल्याशिवाय आधीच्याने जागा सोडायची नाही. ते दोघं दारात एवढंच बोलायचे. भांडण नाही, टोमणा नाही, "कशी आहेस" पण नाही. समोरच्या ब्लॉकमधली मिश्राइन जिन्यात उभी राहून हा तमाशा बघायची आणि मला म्हणायची, "हाय राम भाभी, ये तलाक है कि परेड?"

आणि तो आत राहायचा कसा, ते बघून तर मी थक्क झाले. ज्या माणसाने डबे हलवले म्हणून संसार मोडला, तो आता एक चमचासुद्धा इकडचा तिकडे करायचा नाही. पलंगावर झोपायचा नाही, खाली आपली वळकटी पसरायचा. चहा आपल्या इनॅमलच्या मगात. वरण मात्र करायचा ते पलटणीच्या अख्ख्या लंगरला पुरेल एवढं. मग आम्हाला, मिश्राइनला, माळ्याला, सगळ्यांना वरण! रेवाच्या वेण्या घालायला तो बाजेच्या सुतळीवर शिकला होता. अशा घट्ट घालायचा की पोरीच्या भुवया वर चढायच्या. सुनंदा आमच्या खिडकीतून शाळेत जाणारी पोर बघायची आणि पोट धरून हसायची. "वहिनी, बघा, पार्सल बांधलंय पार्सल!" मग पोर वळणाआड जाईपर्यंत खिडकी सोडायची नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या मंडळातल्या बायकांनी तिला बोलवावं की नाही यावर खल केला. मी म्हटलं, मी आणणार तिला, ज्यांना नको त्यांनी तिळगूळ घेऊन घरी जावं. आली. तिथे एका जाड्या बाईने, नाव घेत नाही, गोड आवाजात विचारलंच, "सुनंदाताई, कुंकू अजून लावता? कुणाच्या नावाचं म्हणायचं हे?"

"माझ्या कपाळाच्या नावाचं," सुनंदा म्हणाली आणि तिळाचा लाडू तोंडात टाकला.

बाई लालबुंद. मला एवढा आनंद झाला की मी सुनंदाला दोन वाणं दिली.

गावंडेचे फोन आमच्याकडे यायचे. तो कुठल्यातरी लांबच्या पोस्टातून ट्रंक कॉल लावायचा. तो कॉल कारखान्याच्या एक्स्चेंजमध्ये यायचा, आणि बोर्डावर पुष्कळदा सुनंदाच असायची. ती त्याला एवढंच म्हणायची, "लाइन जोडते." त्याचा आवाज तिच्या कानात, तिचा त्याच्या, आणि बोलणं शून्य. मग आमच्या हॉलमध्ये घंटी वाजायची आणि रेवा धावायची. ऑपरेटरला सगळं ऐकता येतं, हे सगळी कॉलनी जाणून होती. मी एकदा तिला विचारलं, "ऐकतेस ना गं चोरून?" तर माझ्यावर अशी उखडली! "वहिनी, ती लाइन रेवाची आहे." तिची जोडीदारीण शकीला मला म्हणाली, "कसम से भाभी, लाइन जोडके हेडफोन उतार देती है।"

आणि मग ती तारेची गोष्ट. तिच्यामुळे सगळं पुढचं घडलं.

रेवा तिसरीत होती. गावंडे सुटीवर आला होता आणि त्याच्यावर चार्ज सोपवून सुनंदा वर्ध्याला आईकडे गेली होती, आईचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. एक दिवस दुपारी तार आली. सुटी रद्द, ताबडतोब हजर व्हा. संध्याकाळची गाडी होती. मी धावत गेले. म्हटलं, भाऊजी, तुम्ही निघा, मी आहे ना! पोरगी माझ्याकडे राहील, सुनंदाला तार करते, उद्यापर्यंत येईल ती.

तो दारात उभा होता. ट्रंक भरलेली, बूट चढवलेले. म्हणाला, "नाही वहिनी."

"नाही म्हणजे? मी काय परकी आहे?"

"तुमच्यावर भरोसा आहे. पण रेवा शाळेतून आली आणि घरात आई पण नाही, बाबा पण नाही, असं एकदाही होऊ द्यायचं नाही, असं आमचं ठरलंय. चार्ज दिल्याशिवाय पोस्ट सोडता येत नाही."

"अहो, पण तिकडे तुमची खरी पोस्ट आहे ना? सरकार काय म्हणेल?"

"जे म्हणेल ते ऐकून घेऊ."

मी डोक्याला हात लावला. हे बोलले, मिश्राजी बोलले, कुणाचं ऐकेल तर शपथ! गाडी गेली. माझी तार मिळून दुसऱ्या दिवशी सुनंदा स्टेशनवरून रिक्षाने आली. हा दारात. "रिपोर्ट," त्याने म्हटलं आणि दिला. गणितात चांगले मार्क, गुडघा खरचटला, टिंक्चर लावलं, वेण्या आता सैल घालतो. "चार्ज दिला." "चार्ज घेतला." ट्रंक उचलली आणि गेला. गाडी चुकवली, याचा एक शब्दही नाही. तो मी सांगितला. सुनंदा माझ्या स्वयंपाकघरात खाली बसली आणि रडली. घटस्फोटाच्या वेळी मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. म्हणत होती, "हा माणूस असा आहे, हे मला आधी का दिसलं नाही हो? आणि दिसलं असतं तरी त्याच्याबरोबर राहता आलं नसतंच मला!" दोन्ही खरं होतं.

तो उशिरा हजर झाला म्हणून त्याला शिक्षा झाली. कागदावर लाल शाईने नोंद, आणि नायब सुभेदारीची बढती थांबली. रेवाला फोनवर त्याने हसत हसत सांगितलं, "बाबाला लाल शेरा मिळाला, तुला कसा मिळतो तसा." रेवाने ते आईला सांगितलं.

पुढचं शकीलाने मला सांगितलं, आणि सांगताना तिचेच डोळे मोठे झाले होते. त्या काळी आम्हा साध्या माणसांना ट्रंक कॉल लागेपर्यंत संध्याकाळ व्हायची. पण ऑपरेटर बायकांची आपसात ओळख असते, आवाजाची. सुनंदाने हेडफोन चढवला. झाशीच्या बाईला म्हणाली, "दीदी, जरा दिल्ली देना." दिल्लीच्या बाईला म्हणाली, पुढे दे. असं एकेकीच्या हातातून ती थेट पलटणीच्या कमांडिंग साहेबाच्या टेबलावर पोचली!

"सर, भोपाल से बोल रही हूँ। हवलदार गावंडे की बेटी की माँ।"

"आप उनकी वाइफ हैं?"

"नहीं सर. बेटी की माँ. वो देर से पहुँचे, क्योंकि मैं बाहर थी. आपका संतरी बदली आने से पहले चला जाए तो आप उसे सजा देते हैं. ये नहीं गया, तो भी सजा दी."

 साहेब म्हणाले, "मैडम, ये लाइन आपको दी किसने?"

"सर, हम बहनों ने."

शेरा काही पुसला गेला नाही, फौजेत पुसत नाहीत. पण बढती पुढच्या वर्षी मिळाली, आणि "भोपाळच्या मॅडम"चा किस्सा पलटणीत राहिला. गावंडेला तो इतरांकडून कळला. पुढच्या सुटीत दारात रिपोर्ट झाला, चार्ज झाला आणि आत जाता जाता तो थांबला. "थँक्यू," म्हणाला. सुनंदा म्हणाली, "हे रिपोर्टमध्ये नसतं." आणि होल्डॉल घेऊन माझ्या घरात शिरली. कान मात्र लाल झाले होते तिचे, मी पाहिलं.

वर्षं अशी गेली. रेवा नववीत गेली. आणि सुनंदाच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी उघडलं आणि परत शिवून टाकलं. मला सांगितलं तेव्हा मी हॉस्पिटलच्या बाकावर बसले ती उठेचना. बेचाळिशीची सुद्धा नव्हती हो ती! मी देवाला नको नको ते बोलले.

ती मात्र शांत. "वहिनी, किती दिवस आहेत ते सोडा. ते येईपर्यंत पुरायला पाहिजेत. चार्ज द्यायचा राहिला तर पोरीचं काय? घरात कुणीच नाही, असं व्हायला नको." दुसरं काही नाही, एवढाच घोर.

शकीलाने लाइन लावली. ते जुने साहेब केव्हाच बदलून गेले होते. पण पलटणीच्या सुभेदार मेजरने "भोपाल" ऐकल्याबरोबर विचारलं, "कौन, वो संतरी वाली मैडम?" आणि गावंडे दुसऱ्याच दिवशी निघाला.

तो येणार त्या सकाळी सुनंदा हट्टाने घरी आली. डॉक्टर नको म्हणत होते, हे नको म्हणत होते, तिने कुणाचंच ऐकलं नाही. "चार्ज पलंगावरून नाही देत. दारातच द्यायचा." मी आणि शकीलाने तिला उंबऱ्याशी उभं केलं, तर आम्हाला बाजूला व्हायला लावलं. एका हाताने चौकट धरलेली. साडी अंगावर नुसती टांगल्यासारखी. पायाशी तो होल्डॉल, पट्टे आवळलेला, नेहमीसारखा. मला वाटलं, ही खरंच आता माझ्याकडे यायला निघाली की काय! आणि तसंच होतं. तो आत, म्हणजे ती बाहेर. ठरलेलं.

गावंडे जिना चढून आला. केस पांढरे झाले होते. तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा असा झाला की मी भिंतीकडे तोंड फिरवलं. पण ट्रंक खाली ठेवून ताठ उभा राहिला. "रिपोर्ट?"

"केमिस्ट्री आवडते. इतिहास अजिबात नाही. भूक लागली की चिडते, तेव्हा आधी खायला द्या, मग बोला. रडायचं असलं की बाथरूममध्ये नळ सोडते. दार वाजवू नका, बाहेर थांबा." श्वास घेतला. "शाळा बदलू नका. वेण्या आता घालत नाही, त्याबद्दल बोलू नका. आणि माझ्याबद्दल विचारेल. वाईट सांगू नका, फार चांगलंही सांगू नका. होतं तसं सांगा."

तो एकेक परत म्हणायला लागला. केमिस्ट्री. भूक. नळ. बाहेर थांबायचं. "होतं तसं," हे त्याने दोनदा म्हटलं. रेवा मध्ये उभी, लहानपणी उभी राहायची तशीच, एकदा इकडे, एकदा तिकडे बघत.

"चार्ज दिला," सुनंदा म्हणाली.

"चार्ज घेतला."

ती वाकली होल्डॉल उचलायला. वाकता येत नव्हतं. तोवर त्यानेच तो उचलला आणि उंबरा ओलांडून आत नेऊन ठेवला. मी म्हटलं, आता काय? दोघंही आत? इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तो तसाच बाहेर आला. ट्रंकेवरची आपली वळकटी काखेत मारली आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"वहिनी, आजपासून मी तुमच्याकडे झोपायला. चालेल ना?"

 मी नुसती आमच्या दारातून बाजूला झाले.

त्यानंतर सुनंदा दिवाळीपर्यंत होती, आपल्या घरात, आपल्या पलंगावर, पोरीच्या शेजारी. तो सकाळी आमच्याकडून जायचा, दारात उभा राहून "येऊ?" म्हणायचा, दिवसभर सगळं करायचा आणि रात्रीपुरता आमच्या जादा खोलीत परतायचा. पुढे त्याने पेन्शन घेतली. क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा जवळच बाग सेवनियाला घर भाड्याने घेतलं, आणि रेवाची शाळा बदलली नाही.

पण मला सुनंदा आठवते ती त्या सकाळची. आयुष्यभर तिने आम्हाला धक्क्यावर धक्के दिले, कोर्टाला, कॉलनीला, फौजेच्या साहेबाला सुद्धा. आणि त्या दिवशी तो वळकटी घेऊन माझ्या घरात शिरला, तेव्हा मी वळून पाहिलं. ती चौकट धरून उभी होती. तोंड उघडं, डोळे हे एवढे मोठे. लहान मुलीसारखी बघत राहिली होती त्याच्याकडे. मग रेवाने तिच्या कमरेला हात घातला आणि म्हणाली, "चल आई, आत."